थेरपिस्ट निवडायचा क्रम: पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

पुण्यातल्या एका खाजगी मानसोपचार क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंटचे फोन मी घेते. पलीकडून येणारा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, “तुमच्याकडे सगळ्यात चांगलं कोण आहे?” दुसरा, “आज संध्याकाळी कोण मोकळं आहे?” एवढ्या दोन प्रश्नांवर ठरलेली अपॉइंटमेंट पुष्कळदा वाया जाते. माणूस दोन-तीन सेशन करतो, चार-पाच हजार घालवतो आणि मग ‘काउन्सेलिंग करून बघितलं, काही उपयोग नाही’ असं नातेवाइकांना सांगत राहतो. पुढच्या वेळी खरंच गरज पडते तेव्हा घरातलं कुणी जायला तयार होत नाही.

एका क्लिनिकमध्ये पाच-सहा जण बसत असले, तरी त्यांची कामं एकसारखी नसतात. कुणी गोळ्या लिहितं, कुणी ओसीडीवर (नको ते विचार आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) काम करतं, कुणी फक्त लहान मुलं बघतं, कुणी जोडप्यांना बसवतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तक्रार, मग घाईचं काही आहे का ते, मग कोणत्या शिक्षणाचा माणूस हवा ते, मग पद्धत आणि सगळ्यात शेवटी वेळ. बहुतेकजण शेवटच्या टोकापासून सुरुवात करतात.

पायरी १: तक्रार अर्ध्या पानात लिहा

फोन उचलण्याआधी कागद घ्या. ‘मला डिप्रेशन आहे’, ‘मुलगा हायपर आहे’ असली लेबलं लिहू नका, प्रत्यक्ष काय होतं ते लिहा. कधीपासून होतंय, काय करणं बंद पडलं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामावर किंवा शाळेत काय फरक पडला आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं.

‘खूप टेन्शन आहे’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. ‘दिवाळीपासून लोकलमध्ये चढलं की छाती धडधडते, दोनदा मधल्या स्टेशनला उतरले, आता ऑफिसला रिक्षाने जाते’ यातून योग्य माणूस कोण हे अर्धं ठरतं.

याच कागदावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा. थायरॉईडची, बीपीची, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, सगळ्या. दारू, तंबाखू, गांजा यांचं प्रमाण खरं लिहा. घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हेही लिहा. आपल्याकडे ‘मामा अपघातात गेले’ असं चाळीस वर्षं सांगितलेलं असतं आणि घरातल्या मोठ्यांनाच खरं माहीत असतं. लिहिताना आईला किंवा मावशीला एकदा विचारून घ्या. उपचार ठरवणाऱ्याला ही माहिती लागते.

शेवटची ओळ: हे बरं झालं तर काय करता येईल? ‘आनंदी व्हायचंय’ असं नको. ‘परत एकटीने लोकलने जाता यावं’ असं लिहा. पुढे सहाव्या सेशनला याच ओळीवरून हिशेब मांडता येतो.

थकवा, सुस्ती, वजन वाढणं, लक्ष न लागणं हीच मुख्य तक्रार असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. यांतलं काही बिघडलं असेल तर ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आले तरी फाइलमध्ये ठेवा, पुढे विचारतातच.

*तपासा:* लिहिलेलं मोठ्याने वाचा. प्रत्येक वाक्य ‘तो’, ‘ती’ किंवा ‘सासूबाई’ने सुरू होत असेल, तर तुम्ही दुसऱ्याची तक्रार लिहिली आहे. समोरचा यायला तयार नसेल, तर पहिली अपॉइंटमेंट स्वतःच्या नावाने घ्या आणि ‘अशा माणसाबरोबर मी कसं राहायचं’ हा प्रश्न घेऊन या.

*सावधान:* ‘पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ’ असं सांगून कुणालाही आणू नका. वेटिंग रूममधली पाटी वाचता येते. असा फसवून आणलेला माणूस थेरपिस्टशी बोलत नाही आणि घरी गेल्यावर तुमच्याशीही बोलत नाही.

पायरी २: अपॉइंटमेंटची वाट बघण्यासारखं आहे का?

पुढचं काही दिसत असेल, तर काउन्सेलिंगची तारीख घेण्यात वेळ घालवू नका:

- मरण्याविषयी बोलणं, त्याची तयारी करणं, निरोपाचे मेसेज पाठवणं
- काही रात्री जवळपास न झोपता प्रचंड उत्साह, बेसुमार खर्च, मोठमोठ्या योजना
- नसलेले आवाज ऐकू येणं, जेवणात विष घातलंय असा संशय
- खाणंपिणं थांबणं
- बाळंतपणानंतरच्या दिवसांत आईचं गोंधळलेलं, असंबद्ध बोलणं किंवा बाळाविषयी विचित्र भीती
- रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यावर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं

अशा वेळी मानसोपचार विभाग असलेलं हॉस्पिटल गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. काय करावं तेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ती २०२२ च्या ऑक्टोबरपासून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटच्या ओळीतला मुद्दा घरोघरी चुकतो. ‘उद्यापासून एक थेंब नाही’ अशी शपथ देवासमोर घेतात, घरचे खूश होतात आणि दोन-तीन दिवसांत माणूस अतिदक्षता विभागात जातो. रोजची जास्त दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची असते.

पोलिस केस होईल म्हणून आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी कुटुंबंही असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की, उलट काही सिद्ध झालं नाही तर असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. हॉस्पिटल एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची) नोंद करेल, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. त्याला घाबरून उपचार टाळू नका.

पायरी ३: नावापुढची अक्षरं वाचा

इथे बहुतेकांची गफलत ‘डॉ.’वर होते. हा ‘डॉ.’ एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेल्याचा असू शकतो, होमिओपॅथी शिकलेल्या बीएचएमएसचा असू शकतो किंवा मानसशास्त्रात पीएचडी केलेल्याचा. तिघांची कामं वेगळी आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ (सायकियाट्रिस्ट): वैद्यकीय डॉक्टर. निदान करतात, गोळ्या लिहितात, गरज असेल तर दाखल करतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येतो. खाजगी क्लिनिकमध्ये ते दर आठवड्याला तासभर बोलतील अशी अपेक्षा धरू नका. पहिली भेट मोठी असते, नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांच्या. ‘डॉक्टरांनी ऐकूनच घेतलं नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणानंतर प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं प्रशिक्षण घेतलेले, बहुधा दोन वर्षांचं एमफिल. भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे त्यांची नोंद असते आणि त्या नोंदणीचा क्रमांक असतो. चाचण्या आणि थेरपी दोन्ही करतात. गोळ्या लिहीत नाहीत.

काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक: मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी केलेले. ताण, नातेसंबंध, शोक, करिअर, सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंता यांसाठी इथून सुरुवात करायला हरकत नाही. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने हा वर्ग केंद्रीय आयोगाखाली आणला आहे, तरी समोरच्याकडे दाखवायला नोंदणी क्रमांक असेलच असं नाही. म्हणून विचारा: पदवी कुठली, कुठल्या विद्यापीठाची, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, आजही सुपरव्हिजन (आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) घेता का? चांगला समुपदेशक शेवटच्या प्रश्नाने खूश होतो. जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

सायकियाट्रिक सोशल वर्कर: यांना कुणी मागतच नाही. दीर्घ आजार असलेल्या माणसाच्या कुटुंबाला सावरणं, कामावर परत पाठवणं, अपंगत्व प्रमाणपत्राची कागदपत्रं यांत यांचा हात धरणारं दुसरं कुणी नाही.

याशिवाय लाइफ कोच, दोन दिवसांच्या कार्यशाळेतून ‘सबकॉन्शस’ बदलणारे, पूर्वजन्मात नेणारे असे बरेच आहेत. त्यांच्याकडे गप्पा मारायला जायचं असेल तर जा, आजारावर इलाज म्हणून जाऊ नका. मुलांच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. शाळेनेच ती ठेवली असली तरी नाही.

*सावधान:* ‘सायकियाट्रिस्ट वेड्यांचा, काउन्सेलर आपल्यासारख्यांचा’ ही विभागणी डोक्यातून काढा. आंघोळ करायलाही न उठणाऱ्या माणसाला आधी बोलण्याची थेरपी लावली, तर त्याला सेशनला यायचीच ताकद नसते. अशा वेळी गोळ्यांनी थोडं उठून बसता आलं की मग थेरपी लागू पडते. उलट परीक्षेच्या भीतीने वही बंद करून बसलेल्या मुलाला थेट गोळ्यांकडे न्यायची गरज बहुधा नसते.

पायरी ४: तक्रारीवरून पद्धत ठरवा

क्लिनिकच्या माहितीपत्रकात प्रत्येक थेरपिस्टच्या नावाखाली पाच-सहा लघुरूपं असतात: सीबीटी, आरईबीटी, डीबीटी, ईएमडीआर. ती सगळी पाठ करायची गरज नाही. तुमच्या कागदावरच्या तक्रारीला कोणती लागू पडते एवढंच बघायचं.

सगळ्यात महाग चूक ओसीडीत होते, म्हणून तिथे जरा थांबते. आपल्या घरांत ओसीडी वर्षानुवर्षं सोवळ्याआड लपते. ‘आमची वहिनी फार स्वच्छ’ म्हणून कौतुक होतं आणि वहिनी रोज तीन-तीन तास मोरीत असते. दुसऱ्या घरात ‘गॅस बंद केलास ना?’ हा प्रश्न रात्री दहा वेळा विचारला जातो आणि नवरा दहा वेळा ‘हो’ म्हणतो. हा ‘हो’ मिनिटभर बरं वाटायला लावतो आणि आजार वाढवतो. नुसता धीर देणारा, ‘काही होणार नाही, घाबरू नका’ म्हणणारा समुपदेशकही नकळत तेच करतो. तिथे लागते ईआरपी. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि हात धुणं, तपासणं, विचारणं हे थांबवायचं. म्हणून ओसीडी असेल तर फोनवर नेमकं विचारा, “तुम्ही ईआरपी करता का? किती जणांबरोबर केली आहे?” ‘आम्ही सगळंच करतो’ हे उत्तर पुरेसं नाही. घरच्यांनाही एखाद्या सेशनला बोलावतात का, तेही विचारा, कारण दहाव्या ‘हो’चं काय करायचं हे नवऱ्याला शिकवावं लागतं.

पॅनिक अटॅक, लोकांसमोर बोलायची भीती, उंचीची किंवा प्रवासाची भीती यांना सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी पद्धत. यात गृहपाठ असतो. विचारांची नोंद करणं, टाळलेल्या गोष्टी ठरवून थोड्या-थोड्या करणं. साधारण बारा ते वीस सेशन धरून चाला. गृहपाठ करणार नसाल तर सीबीटीवर पैसे घालू नका, मी हे फोनवरही स्पष्ट सांगते.

आरईबीटी ही सीबीटीचीच थोरली बहीण. महाराष्ट्रात ती विवेकनिष्ठ पद्धत म्हणून ओळखली जाते. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांमुळे ती मराठीत सहज बोलली जाते आणि त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या काका-काकूंनाही चटकन कळते. राग, अपराधीपणा, ‘लोक काय म्हणतील’ यांवर चांगली चालते. हिच्यात थेरपिस्ट तुमच्या समजुतींशी वाद घालतो. ज्याला सध्या फक्त कुणी ऐकून घ्यायला हवंय, उदाहरणार्थ ज्याच्या घरातलं नुकतंच कुणी गेलंय, त्याला पहिल्याच आठवड्यात हा वाद नको.

नैराश्यात सीबीटी, वर्तन सक्रिय करणारी (सुटलेली कामं ठरवून पुन्हा सुरू करायला लावणारी) पद्धत आणि नातेसंबंधांवर लक्ष ठेवणारी आयपीटी या तिन्ही चालतात. निवृत्ती, बदली, बाळंतपण, मुलं परदेशी जाणं अशा बदलानंतर सुरू झालेलं नैराश्य असेल तर आयपीटीविषयी जरूर विचारा.

अपघात, बलात्कार, लहानपणचा अत्याचार यांच्या आठवणी पाठ सोडत नसतील, तर त्या विषयाचं प्रशिक्षण घेतलेला माणूसच हवा. ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या आघातावर केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर. ईएमडीआर म्हणजे नुसते डोळे डावी-उजवीकडे फिरवणं नव्हे. तिचे आठ टप्पे आहेत आणि त्यांतले सुरुवातीचे तयारीचे असतात. पहिल्याच भेटीत ‘सगळं सविस्तर सांगा’ म्हणून कुणी जोर केला, तर थांबा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

स्वतःला इजा करणं, भावनांची वादळं, नाती झटक्यात जुळणं आणि तुटणं यांसाठी भावना सांभाळायला शिकवणारी डीबीटी. पूर्ण डीबीटीत वैयक्तिक सेशनबरोबर कौशल्यं शिकवणारा गटही असतो. पुष्कळ ठिकाणी तिची काही कौशल्यंच वापरतात. त्यातूनही फायदा होतो, फक्त नक्की काय मिळणार ते आधी विचारून घ्या.

‘प्रत्येक नोकरीत साहेबाशी तसंच भांडण होतं’, ‘प्रत्येक वेळी मी अशाच माणसाच्या प्रेमात पडते’ असं लिहिलं असेल, तर सायकोडायनॅमिक (अशा पुनरावृत्तीची मुळं जुन्या नात्यांत शोधणारी) पद्धत बघा. ती महिनोन्महिने चालते, गृहपाठ देत नाही आणि थेरपिस्ट कमी बोलतो. घाईच्या माणसाला ती छळते.

नवरा-बायकोसाठी दोघांना एकत्र बसवणारा, जोडप्यांचं प्रशिक्षण घेतलेला थेरपिस्ट लागतो. बायकोचा सहा महिन्यांचा वैयक्तिक थेरपिस्ट मधूनच दोघांचा होऊ नये, नवऱ्याला तो पहिल्या दिवसापासून पक्षपाती वाटतो. घरात मारहाण होत असेल तर एकत्र सेशन मागूच नका. तिथे खरं बोललेल्याची शिक्षा घरी गेल्यावर मिळते. त्या बाईने एकटीने यावं. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलपासून सुरू झालेली ‘दिलासा’ केंद्रं पालिकेच्या रुग्णालयांत चालतात.

लहान मुलांत प्ले थेरपी आणि पालकांचं प्रशिक्षण. थेरपिस्टने मुलापेक्षा तुम्हालाच जास्त वेळा बोलावलं तर रागावू नका, तशीच पद्धत आहे. अध्ययन अक्षमतेची चाचणी करायची असेल, तर आधी शाळेत विचारा की बोर्डाच्या सवलतीसाठी कुठल्या केंद्राचं प्रमाणपत्र चालतं. खाजगी रिपोर्टवर हजारो रुपये खर्च करून नंतर सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलची रांग लावणारे पालक दर जानेवारीत भेटतात.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांत गोळ्या हा पाया. थेरपी आणि कुटुंबाचं प्रशिक्षण त्यावर उभं राहतं, त्याऐवजी नव्हे.

*तपासा:* इथपर्यंत तुमच्याकडे एक वाक्य तयार व्हायला हवं. ‘पॅनिकसाठी सीबीटी करणारी, मराठीत बोलणारी, शक्यतो स्त्री थेरपिस्ट हवी.’ एवढं सांगितलंत तर रिसेप्शनवरचा कुणीही तुम्हाला योग्य दार दाखवेल.

पायरी ५: फोन

संध्याकाळी सहा ते आठ टाळा. त्या वेळी फोन एका कानाला आणि समोर पेशंट उभा असतो. दुपारी करा आणि हे विचारा:

- सेशन किती मिनिटांचं, फी किती? पुण्या-मुंबईत खाजगी फी बहुतेक ठिकाणी १,००० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान असते, वेळ ४५ ते ६० मिनिटं.
- रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं? पुष्कळ ठिकाणी २४ तास. त्यानंतर कळवलं तर पूर्ण फी जाते.
- संपूर्ण सेशन मराठीत होईल का? ‘मराठी समजतं’ आणि ‘मराठीत थेरपी करतो’ यांत फरक आहे. सत्तरीच्या आजोबांसाठी हा प्रश्न फीच्याही आधी विचारा.
- हीच वेळ दर आठवड्याला मिळेल का?
- घरातलं दुसरं कुणी याच थेरपिस्टकडे येतं का, हे तुम्ही आधी सांगा. सासू आणि सून एकाच थेरपिस्टकडे वेगवेगळ्या जाणं दोघींच्याही कामाचं नाही. आम्ही फोनवर ‘त्या येतात का’ हे सांगणार नाही, तुम्हीच सांगायला हवं.

मग हिशेब करा. १,५०० रुपयांप्रमाणे बारा सेशनचे १८,००० होतात. तीन महिने एवढे निघत नसतील तर ते फोनवरच सांगा. बऱ्याच क्लिनिकमध्ये काही जागा सवलतीच्या असतात किंवा देखरेखीखाली शिकणारे थेरपिस्ट कमी फीमध्ये बघतात. चार सेशन महागड्या नावाकडे करून पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा हे केव्हाही बरं. ससून, केईएम, नायर यांचे मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग, जिल्हा रुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था इथे खर्च फारच कमी येतो. रांग असते, वेळ कमी मिळतो, पण औषधोपचार चांगला होतो.

विम्याचं: २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात पॉलिसी बहुधा दाखल झाल्यावरचा खर्च देते. ओपीडीतलं काउन्सेलिंग हवं असेल तर पॉलिसीत ओपीडीचा भाग आहे का ते बघा.

पायरी ६: पहिली भेट

पंधरा मिनिटं आधी या, फॉर्म भरायचा असतो. बरोबर पायरी १ चा कागद, जुनी प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच आणा.

माणसं कमी आणा. एकजण पुरे. आई, बाबा, काका आणि गावाहून आलेले आजोबा आत गेले की पेशंट सोडून सगळे बोलतात.

पहिल्या भेटीत सल्ला मिळेल ही अपेक्षा घरी ठेवून या. ती भेट बहुतेक प्रश्नांची असते. शेवटची पाच मिनिटं मात्र तुमची. तेव्हा विचारा: तुम्हाला काय वाटतंय, कुठल्या पद्धतीने जाऊ, साधारण किती सेशन, मी घरी काय करायचं?

गुप्ततेचं नीट समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवली जाते. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश असेल, अशा थोड्या प्रसंगांत ती उघड करता येते. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. याशिवाय नवऱ्याने, वडिलांनी किंवा फी भरणाऱ्या दादाने फोन करून ‘काय म्हणाली?’ विचारलं तर उत्तर मिळणार नाही. मिळू नये.

किशोरवयीन मुलांच्या पालकांनो, मूल बाहेर आल्यावर पार्किंगमध्येच त्याची उलटतपासणी घेऊ नका. थेरपिस्टबरोबर आधीच ठरवा की महिन्यातून एकदा, मुलाला सांगून, तुम्हाला किती आणि काय कळवायचं.

ऑनलाइन सेशन असेल तर इयरफोन, दार बंद होणारी खोली आणि चार्ज केलेला फोन. वन बीएचकेमध्ये खोली मिळत नसेल तर बंद उभी गाडी किंवा गच्ची चालते, चालती रिक्षा चालत नाही. दुबई किंवा अमेरिकेतून मराठी थेरपिस्ट शोधणाऱ्यांनी वेळेचा फरक धरून कायमची वेळ ठरवावी, जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता थेरपिस्टला द्यावा आणि तिथला विमा हा खर्च बहुधा देणार नाही हे गृहीत धरावं. अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा असतो, त्यामुळे तिकडच्या पेशंटला घेता येतं का, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा.

पायरी ७: मधले आठवडे

सेशन संपल्यावर लगेच फोन उघडू नका. जिन्यात किंवा रिक्षात बसून तीन ओळी लिहा: आज काय कळलं, काय खटकलं, या आठवड्यात काय करायचं. पुढच्या सेशनला त्या ओळींपासून सुरुवात करा. नाहीतर पहिली वीस मिनिटं ‘हा आठवडा कसा गेला’ यातच जातात.

गृहपाठ झाला नाही तर सेशन रद्द करू नका. ‘झाला नाही’ हे सांगायलाच या. का झाला नाही, यातूनच पुष्कळदा काम पुढे सरकतं.

गोळ्या सुरू असतील तर नैराश्यावरच्या बहुतेक औषधांना परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखीसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. नेमकं त्याच वेळी लोक गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही आपल्या मनाने सोडू नका आणि थेरपिस्टने सांगितलं म्हणूनही सोडू नका. तो निर्णय लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा.

*तपासा, चौथ्या ते सहाव्या सेशनच्या सुमारास:* पायरी १ ची शेवटची ओळ काढा. तिकडे काही सरकलं का? थेरपिस्टला ती ओळ आठवते का? बोलायला अवघड वाटणारं खरंही तुम्ही सेशनमध्ये बोलू शकता का? भीतीवर काम चालू असताना मध्ये त्रास वाढणं अपेक्षित असतं आणि ते थेरपिस्टने आधी सांगितलेलं असायला हवं. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा मात्र उतरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा.

पायरी ८: बदलणं आणि थांबणं

न सांगता गायब होणं ही इथली सर्वांत जुनी सवय. भिडेखातर लोक ‘गावी जायचंय’ सांगतात आणि परत येत नाहीत. त्याऐवजी एवढं म्हणा: “मला याचा फारसा उपयोग होताना दिसत नाही. पद्धत बदलू या, की तुम्ही मला दुसऱ्या कुणाकडे पाठवाल?” चांगल्या थेरपिस्टला हे ऐकायची सवय असते. निम्म्या वेळा याच संभाषणानंतर काम मार्गी लागतं, उरलेल्या वेळा योग्य माणसाचं नाव मिळतं. एकाच वेळी दोन थेरपिस्ट, एकमेकांना न सांगता, हे मात्र करू नका.

काही गोष्टींवर चर्चा न करता थांबा: नको असलेला स्पर्श, क्लिनिकबाहेर भेटायचा आग्रह, इतर पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं, ‘शंभर टक्के बरं करतो’ अशी हमी, स्वतःचा महागडा कोर्स विकणं, डॉक्टरांच्या गोळ्या फेकून द्यायला सांगणं. डॉक्टरांविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआयकडे तक्रार करता येते. नोंदणीच नसलेल्या माणसाविरुद्ध अशी दाद मागायला दारच नसतं, म्हणून पायरी ३ गाळू नका.

दुसरीकडे जाताना आपल्या नोंदी मागा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे त्या मिळण्याचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या आणि निदान, वापरलेली पद्धत, सेशनची संख्या आणि चाचण्यांचे निकाल असलेला सारांश मागा. नव्या थेरपिस्टकडे शून्यापासून सुरुवात करण्यात दोन-तीन सेशनचे पैसे जातात, ते वाचतात.

बरं वाटतंय म्हणून थांबायचं असेल तर एकदम थांबू नका. आठवड्यावरून पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर या. शेवटचं सेशन ठरवून करा आणि त्यात एक कागद बनवा: पुन्हा बिघडतंय हे सगळ्यात आधी कशावरून कळेल, तेव्हा मी स्वतः काय करेन, घरात कुणाला सांगेन, त्रास नेमका किती वाढला की परत येईन. ‘सलग पाच रात्री तीन वाजता जाग आली की फोन करायचा’ इतकं नेमकं लिहा. त्याची एक प्रत फाइलला लावायला आमच्याकडे द्या, एक घरातल्या त्या माणसाकडे, ज्याचं नाव तुम्ही त्यात लिहिलं आहे.